दहापैकी चार

वैशू,

काल तुझी तेरवी झाली. काटोलला तुमच्या घरासमोर मांडव टाकला होता. मी जेवले. चांगली पोटभर जेवले. तुझी मामी "घे वं पोरी अजून" म्हणत वरण वाढत होती आणि मी ताट पुढे करत होते. मला वाटलं होतं घास घशाखाली उतरणार नाही, पण उतरला की! तसंच सगळं चाललंय. सदर भागातल्या ऑफिसात वेळेवर जाते, मीटिंगमध्ये बोलते, गुरुवारी तर कोणाच्या तरी जोकवर हसलेसुद्धा. रडू म्हणून येत नाही. त्या दिवशी सकाळी तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी आधी गॅस बंद केला, दुधावर झाकण ठेवलं आणि मग बसले. "कॉलेजले शिकवाले निघून राहिली होती, चप्पल घालता घालता पडली. हार्ट अटॅक म्हणते डॉक्टर," तो म्हणाला. बत्तीस वर्षांची तू. मी म्हटलं, "बरं." बरं म्हणे! असं म्हणतं का कोणी?

आपल्या एमबीएच्या बॅचच्या ग्रुपवर ठरलं की तुझ्यावर मी लिहायचं. संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकात छापणार आहेत. दोन वर्षं तुझी रूममेट होते, मग दुसरं कोण लिहिणार? सोबत एक नमुनाही आलाय. जन्मगाव, शिक्षण, नोकरी, पुरस्कार, आणि शेवटी दोन ओळी श्रद्धांजलीच्या. तू पाहिला असतास तर म्हणाली असतीस, "हे तं बायोडाटा होय. मेल्यावर कोण नोकरी देऊन राहिलं मले?"

तो नमुना मी बाजूला ठेवलाय. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती तुला सांगायला माझ्याकडे नऊ वर्षं होती आणि मी ती सांगितली नाही. माझ्या न सांगण्यामुळे एक माणूस नऊ वर्षं आपल्या बॅचमध्ये दगाबाज म्हणून ओळखला जातोय. तो काल तुझ्या मांडवात एका कडेला उभा होता, प्रफुल्ल.

तू हॉस्टेलला आलीस तो दिवस आठवतो. एवढ्या मोठ्या नावाची संस्था, पोरं बंगलोर-दिल्लीहून चाकांच्या बॅगा ओढत येत होती, आणि तू काखेत एक लाकडी पाट घेऊन खोलीत शिरलीस. खुर्चीवर बसून अभ्यास होत नाही म्हणालीस. मी खिडकीशी डोळे पुसत बसले होते. माझं घर त्याच शहरात, महाल भागात. बाबा सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, घर सोडून कधी राहिलेलीच नव्हते. तू विचारलंस, "कुठची होय तू?" मी सांगितलं. तू पाट खाली ठेवलास आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिलीस. "घर वीस मिनिटांवर, अन् तूच रडून राहिली? बाप्पा! मंग मी तं छातीच बडवाले पाहिजे." मी रडता रडता हसले. त्या पाटावर बसून तू दोन वर्षं मागणी-पुरवठ्याचे आलेख काढलेस, मांडीवर पुस्तक, तोंडात पेन. परीक्षेच्या आधी मीही खाली येऊन बसायचे.

आपण भांडायचोही किती! सदरला दुपारच्या शोला तो भिकार सिनेमा पाहायला गेलो होतो. मध्यंतरात मी म्हटलं, उठ, निघू. तिकिटाचे पैसे काही परत येत नाहीत, निदान वेळ तरी वाचव, सरांनी कालच शिकवलंय. तू ढिम्म. "पैशासाठी नाही बसली मी. त्या पोरीचं पुढं काय होते ते पाहाचं हाय मले." मी म्हटलं, ही अर्थशास्त्राची विद्यार्थिनी! तू म्हणालीस, "तुह्या पुस्तकात माणूस कधी शेवट पाहाले थांबतच नाही का वं?" हॉस्टेलवर येईपर्यंत आपण त्यावर भांडलो. नंतरही कितीदा तो वाद निघाला, आणि मला तुझं म्हणणं कधी पटलं नाही. अजूनही पूर्ण पटत नाही, पण आता कोणाशी वाद घालू?

प्रफुल्ल आपल्यात पहिल्या महिन्यातच आला. कन्हानचा. त्याचे बाबा कन्हान-कामठी ऑटो चालवायचे. वर्गात कमी बोलायचा आणि बोलला की सर लिहिणं थांबवून ऐकायचे. मेसमध्ये तो लवकर जायचा, आणि तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवायचा. माझ्यासाठीही धरायचा, पण ती तुझ्याबरोबरची म्हणून. तुमच्यात काय होतं त्याला तुम्ही दोघांनी कधी नाव दिलं नाही. मी चिडवायचे तेव्हा तू उशी फेकून मारायचीस. मला दिसत होतं गं. मला सगळं दिसत होतं, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

दुसऱ्या सत्रात तो प्रोजेक्ट आला. तिघांचा गट, तू, मी आणि प्रफुल्ल. सदरच्या एका ऑटो स्टँडवर नंबर कसे लागतात याचा अभ्यास. तिथे ना पाटी, ना लेखी नियम, ना कोणी उभा राहून पाहणारा. तरी जो आधी आला तो आधी जातो, मधे कोणी घुसत नाही. का घुसत नाही? पुस्तक तर सांगत होतं की शब्द मोडून फायदा होत असेल आणि कोणाला कळणार नसेल तर शहाणा माणूस शब्द मोडतोच. मी तेच धरून बसले होते. भर उन्हात आपण तिथे पंधरा दिवस उभे राहिलो. एका म्हाताऱ्या ऑटोवाल्या काकांना तू विचारलंस, तर ते म्हणाले, "आज मधात घुसलो तं उद्या कोणत्या तोंडानं उभा राहू बेटा? उद्या बी इथंच याचं हाय." तुला ते वाक्य रिपोर्टच्या पहिल्या पानावर हवं होतं. मी म्हटलं, हा काही डेटा नाही. मी ते मागे परिशिष्टात टाकलं.

त्याच प्रोजेक्टमध्ये तुझं आणि प्रफुल्लचं वाजलं. ऑटोवाल्यांना रोजची कमाई विचारायचे फॉर्म त्याच्याकडे होते, आणि त्यानं अर्धे कोरे आणले. "माह्या बापाले कोणी असा कागद नाचवत विचारलं असतं तं मले आवडलं नसतं," एवढंच म्हणाला. तू कँटीनमध्ये सगळ्यांसमोर त्याला कामचोर म्हणालीस. तुझी जीभ म्हणजे ना वैशू! फाइल टेबलावर आपटून तो निघून गेला. आठवडाभर अबोला. मग प्रेझेंटेशनच्या दिवशी तूच तिघांसाठी तर्री-पोहे घेऊन आलीस आणि त्याच्यापुढे प्लेट सरकवलीस. "चुकली मी. खा आता, भाव नको खाऊ." तो हसला आणि मिटलं. निदान मिटलंय असं तेव्हा वाटलं.

तिथेच तो करार झाला. या विषयात सरांची एक पद्धत होती. प्रोजेक्ट झाल्यावर गटातल्या प्रत्येकानं बाकीच्या दोघांना गुपचूप दहापैकी मार्क द्यायचे, चिठ्ठीवर. चिठ्ठ्या फक्त सर पाहणार, निकालात नुसता एकूण ग्रेड येणार. कोणी कोणाला किती दिले ते कधी कळायचं नाही. तू पोहे खाता खाता म्हणालीस, "तिघांनी एकमेकांले दहा द्याचे. बास. भांडण झालं ते झालं." प्रफुल्लनं मान डोलावली. मीही डोलावली.

दुपारी जेवणानंतर सरांनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रफुल्लच्या नावापुढे मी दहा लिहिले. तुझ्या नावापुढे पेन थांबलं. त्या वर्षी वर्गातून एकालाच सहा महिने युरोपातल्या विद्यापीठात पाठवणार होते, आणि तुझ्यात-माझ्यात अर्ध्या-पाव मार्काचं अंतर होतं. सगळ्यांना माहीत होतं की जाशील तर तू, नाहीतर मी. मी चार लिहिले. सहा लिहिले असते तरी बहुतेक भागलं असतं, पण मी चार लिहिले. खाली कारणासाठी एक रेघ होती, तिच्यावर लिहिलं, 'स्वतःचंच खरं करते.' ते सुचायला मला वेळ लागला नाही. तुझा राग होता थोडा माझ्या मनात, त्या परिशिष्टावरून तू मला दोन दिवस टोचत होतीस ना. चिठ्ठीची घडी घातली, दिली, आणि पुढच्या तासाला गेले.

निकाल लागला. मला ए, प्रफुल्लला ए, तुला बी. तू तडक सरांच्या केबिनमध्ये गेलीस. ते इतकंच म्हणाले की रिपोर्ट उत्तम होता, गटातल्यांच्या मूल्यमापनात कमी पडलं, चिठ्ठ्या मी दाखवू शकत नाही. परत येऊन तू पाटावर बसलीस. "प्रफुल्ल्यानं डाव साधला," म्हणालीस. "सगळ्यायसमोर बोलली ना मी त्याले, ते मनात धरलं त्यानं."

मी म्हटलं, "असेल."

एवढा एकच शब्द. त्याच्यापुढे मला काही करावंच लागलं नाही, बाकीचं बॅचनं केलं. दोन दिवसांत सगळ्यांना माहीत झालं की प्रफुल्लनं शब्द मोडला. पोरं त्याला गटात घेईनात. मेसमध्ये तो एकटा बसायला लागला, तेही खिडकी सोडून. एकदाही त्यानं सगळ्यांसमोर तोंड उघडलं नाही, आणि ते लोकांनी कबुलीच धरलं.

मी मनाची समजूत कशी घातली माहीत आहे? लाज वाटते सांगायला. मी म्हणायचे, त्यानंही कमी दिलेच असणार. भांडण तर झालंच होतं. आणि गुप्त चिठ्ठी हातात आल्यावर कोण शब्द पाळतं, सगळेच मोडतात, पुस्तकात लिहिलंय. म्हणजे मी काही वेगळं केलं नाही, आणि त्याला मिळतंय ते अगदीच चुकीचं नाही. हे मी नऊ वर्षं खरं मानलं. अर्थशास्त्रात डिस्टिंक्शन आहे बाई मला!

मी युरोपला गेले. एअरपोर्टवर तू आलीस, सांबारवडीचा डबा घेऊन. "तिथं कस्टमवाले काढून घेतीन तं भांडजो," म्हणालीस. मी तुझ्या डोळ्यांत पाहत होते की कुठे काही खुपतंय का. काही नव्हतं. तू खरोखर खूश होतीस. "मले सारं सांगत जाय. तिथं कसं शिकवते, काय विचारते पोरं, सारं." मी दर आठवड्याला तिथल्या नोट्स पाठवल्या. ते मी प्रेमानंही केलं आणि दुसऱ्या कारणानंही केलं. पुढे कॉलेजात तू त्याच नोट्सवर वर्षानुवर्षं शिकवलंस आणि दर वेळी मुलांना सांगितलंस की या माझ्या मैत्रिणीच्या.

तुझ्या वर्गात मला पाहुणी म्हणून बोलावलं होतंस तो दिवस. मुलांचे प्रोजेक्ट चालले होते. तुझी पद्धत पाहिली मी. मुलांना समोरासमोर बसवायचीस आणि एकमेकांना तोंडावर मार्क द्यायला लावायचीस, कारणासकट. एक मुलगी लाजत होती, तिला म्हणालीस, "चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. जे द्याचं ते त्याच्याकडे पाहून दे." मग माझ्याकडे वळून डोळा मारलास. नंतर आपण स्टाफरूममध्ये चहा प्यायलो, दोघीच होतो. आयतीच वेळ होती. मी कप ठेवला, तोंड उघडलं, आणि विचारलं, "साखर कमी टाकली का गं?" आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, पण तीही नुसती वाटते.

तू मला त्या मार्कांबद्दल कधी एक शब्द विचारला नाहीस. मी त्याला माझं नशीब समजत होते. विचारलं असतंस तर मी खरं बोलले असते असंही नाही. खोटंच बोलले असते, मला माहीत आहे मी.

आता कालचं सांगते.

जेवणं झाली. तुझे बाबा खुर्चीत बसून आल्यागेल्याला नमस्कार करत होते. प्रफुल्ल पंगतीत बसलाच नाही, कडेला उभा राहून पाणी वाढत होता. डोक्यावर थोडे केस पांढरे झालेत त्याच्या. बॅचचे चौघं-पाचजण आले होते, त्यांतलं कोणी त्याच्याशी बोललं नाही. एकानं माझ्या कानात म्हटलं, "हा कशाला आला आता?" मी उठले. कुठून बळ आलं माहीत नाही, बहुतेक काहीच जाणवत नव्हतं म्हणून जमलं. त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "प्रफुल्ल, वैशूचे मार्क मी कमी केले होते. चार दिले होते मी तिला."

त्यानं हातातला जग खाली ठेवला. "मालूम हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तिघं तं होतो आपण, केतकी. मी दहा दिले होते. मंग उरलं कोण?"

एवढा साधा हिशेब. तो माझ्या डोक्यात कधी आलाच नाही, कारण त्यानं दहा दिले असतील ही शक्यताच मी धरली नव्हती. कराराला जागला होता तो. तूही. पुस्तकात ज्याच्याबद्दल लिहिलंय त्या शहाण्या माणसासारखं त्या टेबलावर एकच माणूस बसलं होतं.

"मग तू तिला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. वर माझाच आवाज चढला बघ, जसा काही दोष त्याचा होता.

त्यानं ओले हात रुमालाला पुसले. मग म्हणाला, "सांगितलं ना. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, लायब्ररीच्या पायऱ्यायवर. म्हटलं, वैशू, मायची शपथ, मी दहा दिले. तं ती म्हणे, म्हणजे केतकीनं कापले म्हणतं का तू? माह्या केतकीनं? मी म्हटलं, मी नाव नाही घेत कोणाचं, तूच हिशेब लाव. एवढी चिडली ती! म्हणे, केतकी असं करूच शकत नाही. सोताची चूक झाकाले तिचं नाव नको घेऊ. अन् आता माह्याशी बोलूही नको."

"आणि तू गप्प बसलास?"

"मलेही राग आला ना. म्हटलं, जाय. दोन वर्षानं फोन केला, तं उचलला नाही तिनं. मंग माहं लग्न झालं." त्यानं जग पुन्हा उचलला. "पण तू हे मले काहून सांगून राहिली? मी तं जाणतच होतो. तिले सांगाचं होतं."

तो तुझ्या बाबांच्या पाया पडला आणि बस स्टँडकडे चालत निघाला. मी त्याच्या मागे जाऊन विचारलं, हे मी छापायला देऊ का. तो म्हणाला, "तुहं तू पाहा." वळून न पाहता म्हणाला.

म्हणजे तुझ्यासमोर दोघांची नावं होती. एकानं आईची शपथ घेतली होती. दुसरी तुझ्या खोलीत, तुझ्यासमोर बसून 'असेल' म्हणाली होती. गणित तुला माझ्यापेक्षा चांगलं यायचं, दोनातून एक तू सहज वजा करू शकत होतीस. तू केलं नाहीस. तू माझ्यासाठी त्याला सोडलंस, आणि एअरपोर्टवर डबा घेऊन आलीस, आणि मला एका शब्दानं सांगितलंही नाहीस की माझ्यावर असा आळ आला होता आणि तू तो झटकून टाकलास. मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नसशील. असंच असणार. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

काटोलहून मी बसनं परत आले. खिडकीतून बाहेर पाहत होते पण काय पाहिलं ते सांगता येणार नाही. घरी येऊन कपडे वाळत घातले, भाजी चिरली. अजूनही काही होत नाहीये मला, वैशू. होईल कधीतरी. तोवर हात चालतोय तर हे लिहून घेते.

हेच मी अंकासाठी पाठवते आहे. छापलं नाही तर ग्रुपवर स्वतः टाकीन, सगळे वाचेपर्यंत टाकीन. ज्यानं माझ्या कानात 'हा कशाला आला' म्हटलं त्याला तर वाचून दाखवीन. पण ते सगळं नंतरचं आहे, आणि त्या लोकांसाठी आहे. प्रफुल्ल म्हणाला ते बरोबर आहे, सांगायचं तुला होतं. त्या पायऱ्यांवर तू माझ्या बाजूनं उभी राहिलीस, आणि चुकलीस.

प्रफुल्ल खरं बोलत होता, वं.